खोऱ्यांतील धूर आणि हवेचें भाकित

पीक घरांत आल्यावर शेतांत कचरा मागें राहतो. उसाचें पाचट, भाताचा पेंढा, द्राक्षवेलींच्या छाटणीच्या काड्या, जुन्या बागेंतील उपटलेलीं झाडें, या सर्वांची वाट लावण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग काडी ओढण्याचा. जगाच्या पाठीवरील बहुतेक शेतकऱ्यांनीं तो केव्हांना केव्हां चोखाळलेला आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत मात्र काडी ओढण्यापूर्वीं शेतकऱ्यास परवाना घ्यावा लागतो; आणि परवाना हातीं असला तरी ‘आजचा दिवस जाळण्याचा आहे कीं नाहीं’ हें निराळें विचारावें लागतें. उत्तर देणारा अधिकारी शेत पाहत नाहीं, कचराही पाहत नाहीं. जमिनीवर पारा किती आहे, तीन हजार फूट उंचीवर किती आहे, आणि तेथें वारा वाहतो आहे कीं नाहीं, एवढें पाहून तो होय किंवा नाहीं सांगतो.

आपल्या शेतांतील कचऱ्याचा निकाल तीन हजार फुटांवरच्या हवेनें लावावा, हें प्रथम ऐकतांना चमत्कारिक वाटतें. सरकारी लोकांची ही एक नवी अडवणूक आहे, असेंही पुष्कळांस वाटेल. आमचें मत तसें नाहीं. डोंगरांनीं वेढलेल्या खोऱ्यांत धुराचें भाकित म्हणजे उष्णमानाचें भाकित होय, आणि शेतकऱ्यानें तें टाळण्याऐवजीं स्वतः समजून घेतलें पाहिजे. मात्र तें भाकित मोजमापावर उभें असावें, व तें चुकल्यास त्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर पडूं नये, अशी मागणी करण्याचाही त्यास पूर्ण हक्क आहे. या दोन्हीं गोष्टी एकत्र कां सांगाव्या लागतात, तें थोडें विस्तारानें पाहूं.

दिवसा ऊन जमिनीस तापवितें व जमीन आपल्यावरील हवेस तापविते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, आणि वर जातांना निवते. कोरडी हवा दर १०० मीटरांस सुमारें १ अंश सेल्सिअस या प्रमाणानें निवते. जोंवर वरची हवा याहून थंड आहे, तोंवर खालची हवा वर चढत राहते, आणि तिच्याबरोबर धूळ व धूरही वर जाऊन विरतात. रात्रीं हा व्यवहार उलटतो. निरभ्र व निवांत रात्रीं जमीन आपली उष्णता झपाट्यानें टाकते, तिला लागून असलेली हवा गार व जड होते, आणि वरची हवा मात्र उबदार राहते. खालीं थंड व वर उबदार, अशा या रचनेस उष्णमानाचा विपर्यास म्हणतात. आपण त्यास सोईसाठीं उलटा थर म्हणूं. जड हवा खालीं बसलेली असली म्हणजे ती वर उठण्याचें कारणच उरत नाहीं. उबदार थर तिच्यावर झाकणासारखा बसतो.

सपाट प्रदेशांत हें झाकण बहुधा सकाळच्या उन्हानें उघडतें. खोऱ्याची गोष्ट निराळी. चढणीवर गार झालेली हवा पाण्याप्रमाणें उताराच्या वाटेनें वाहत तळाशीं सांचते, आणि डोंगर वाऱ्यास अडवीत असल्यामुळें ती हलवावयास कोणी नसतें. हें सांचणें किती टोकास जाऊं शकतें, याचें उदाहरण युटा राज्यांत लोगन शहराच्या पूर्वेस आहे. तेथें ‘पीटर सिंक्स’ नांवाचा, समुद्रसपाटीपासून सुमारें अडीच हजार मीटर उंचीवरील एक खोलगट माळ आहे. त्यांतून पाण्यास बाहेर वाट नाहीं, तशी थंड हवेसही नाहीं. १ फेब्रुवारी १९८५ रोजीं तेथें पारा उणें ५६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. थंडी वाटीच्या तळाशीं उभी राहते, हें याहून स्पष्ट करून सांगणें कठीण आहे.

शेतकऱ्यास यांत नवें कांहीं नाहीं. ज्याची जमीन ओढ्याकाठीं खोलगट आहे, त्याचें पीक प्रथम करपतें, आणि थोड्या चढावरील शेजाऱ्याचें वांचतें, हें त्यानें पाहिलेलें असतें. कॅलिफोर्नियाच्या सान होआकीन खोऱ्यांत संत्र्यालिंबांच्या बागा पूर्वेकडील डोंगरपायथ्याच्या चढावर लावलेल्या आहेत, त्या याच कारणानें. तेथील बागाइतदार बागेंत उंच खांबांवर मोठे पंखे बसवितात आणि कडाक्याच्या रात्रीं ते फिरवून वरची उबदार हवा खालीं ओढतात. उलटा थर नसता तर या पंख्यांचा कांहींच उपयोग झाला नसता. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यांत निफाडच्या बाजूस कडाक्याच्या थंडींत द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवितात, त्यांची ऊब व धूर बागेवरच राहतात, तेही याच झाकणाच्या बळावर. तेव्हां ज्या थरानें बाग राखली, तोच थर धूर कोंडतो. एकाच वस्तूचीं हीं दोन तोंडें आहेत. बाग राखण्यासाठीं आपण त्याचें अस्तित्व मान्य करतों, तर काडी ओढतांना तें विसरून चालणार नाहीं.

कोंडलेला धूर किती घातक होऊं शकतो, हें जगानें अनुभवलेलें आहे. बेल्जममधील म्यूझ नदीच्या अरुंद खोऱ्यांत डिसेंबर १९३० च्या पहिल्या पांच दिवसांत धुकें व कारखान्यांचा धूर एकत्र कोंडले, आणि साठांहून अधिक माणसें दगावलीं. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्यांत डोनोरा हें गांव नदीच्या वळणावर टेकड्यांच्या कुशींत आहे. तेथें ऑक्टोबर १९४८ च्या अखेरीस असाच प्रकार होऊन वीस माणसें मेलीं व हजारों आजारी पडलीं. दोन्हीं ठिकाणचे कारखाने वर्षानुवर्षें चालत आले होते. त्या आठवड्यांत नवें आलें तें कारखान्यांतून नव्हे, तें वरून आलें. झाकण बसलें आणि तें उठलें नाहीं.

आतां शेतीप्रधान खोऱ्याचें उदाहरण घेऊं. सान होआकीन खोरें सुमारें चारशें किलोमीटर लांब आहे. पूर्वेस सिएरा नेवाडाचे हिमाच्छादित डोंगर, पश्चिमेस किनाऱ्याच्या रांगा, दक्षिणेस तेहाचापी पर्वत, अशी त्याची तीन बाजूंनीं बंदिस्त रचना आहे. बदाम, द्राक्षें, संत्रीं, कापूस व मोठमोठे दुग्धालय यांनीं हें खोरें भरलेलें आहे. हिंवाळ्यांत हवेचा दाब चढला म्हणजे उंचावरची हवा हळूहळू खालीं दबते, दबतांना तापते, आणि तळच्या गार हवेवर येऊन बसते. मग दिवसच्या दिवस दाट धुकें राहतें. दुपारचें ऊन धुक्यांत शिरत नाहीं, जमीन तापत नाहीं, आणि झाकण दुपारींही उघडत नाहीं. रोजचा धूर कालच्या धुरांत मिळत जातो.

याशिवाय हवेच्या पोटांत एक दुसरा धूर तयार होतो, तो डोळ्यांस शेतांतून निघतांना दिसत नाहीं. गोठ्यांच्या शेणामुतांतून व खतांतून अमोनिया वायु उठतो. मोटारींच्या धुरांतून नायट्रोजनचीं अम्लें बनतात. आणि दोहोंच्या संयोगानें अमोनियम नायट्रेटचे अतिसूक्ष्म कण होतात. हवा थंड व दमट असेल तर ते कण टिकतात. हवा तापली तर ते पुन्हां वायुरूप होऊन जातात. म्हणजे उष्णमान येथें दोनदां काम करतें. एकदां झाकण घालतें, आणि दुसऱ्यांदा झाकणाखालीं काय शिजेल तें ठरवितें. युटा व आयडाहो यांच्या सीमेवरील कॅश खोरें हें गाईगुरांचें व चाऱ्याचें खोरें आहे. तेथें जानेवारी २००४ मध्यें बर्फाच्छादित जमिनीवर असाच थर बसला, आणि सूक्ष्म कणांची दिवसाची सरासरी घनमीटरास १०० मायक्रोग्रॅमच्या पलीकडे गेली. अमेरिकेनें पुढें २००६ सालीं ठरविलेली चोवीस तासांची मर्यादा ३५ मायक्रोग्रॅम आहे, यावरून त्या आकड्याचा अर्थ लक्षांत येईल. कॅश खोऱ्यांत कारखान्यांचीं धुराडीं फार नव्हतीं. गुरें, मोटारी व थंडी एवढ्यांनींच तें काम केलें.

अशा खोऱ्यांत उद्यांची हवा कशी राहील, हें सांगावयाचें म्हणजे काय करावें लागतें? पहाटे फुगा सोडून उंचीगणिक पारा मोजावा लागतो. तळच्या पाऱ्यापेक्षां वरचा किती चढा आहे, तें पाहावें लागतें. दुपारीं जमीन किती तापेल, त्या तापानें खालची हवा किती उंच चढेल, आणि तेथें वारा किती असेल, याचा हिशेब करावा लागतो. हवा किती उंचीपर्यंत ढवळली जाईल आणि वारा तिला किती वेगानें नेईल, या दोहोंच्या गुणाकारावर खोऱ्याची धूर पचविण्याची शक्ति ठरते. तेवढ्याच शेतांस त्या दिवशीं परवानगी द्यावयाची, असें या पद्धतीचें मर्म आहे.

हिशेब ऐकावयास सोपा आहे, परंतु खोऱ्यांत तो वारंवार चुकतो. संगणक देशाचे चौकोन पाडून हवेचें गणित मांडतो. चौकोन कांहीं किलोमीटरांचा असला म्हणजे अरुंद खोरीं व सोंडा त्यांत सपाट होऊन जातात, आणि वाटी नाहींशी झाली म्हणजे वाटींतली थंड हवाही गणितांतून नाहींशी होते. थंड हवेचा थर कित्येकदां शेंदोनशें मीटरांचाच असतो. गणितांतील थर त्याहून जाड असेल तर तो सांपडत नाहीं. जमिनीवर बर्फ असल्यास तें ऊन परत फेकतें, आणि गणितांत बर्फ कमी धरलें गेलें तर दुपार फाजील उबदार निघते. यामुळें संगणक झाकण खऱ्याहून लवकर उघडून टाकतो, असा अनुभव पुष्कळदां येतो. सॉल्ट लेक शहराच्या खोऱ्यांत युटा विद्यापीठाच्या व इतर शास्त्रज्ञांनीं डिसेंबर २०१० पासून फेब्रुवारी २०११ पर्यंत खास या प्रश्नासाठीं मोजमाप केलें. तळापासून डोंगराच्या खांद्यापर्यंत उष्णमापक लावून, फुगे सोडून, त्यांनीं दहा प्रसंगांची टिपणें घेतलीं. झाकण बसतें कसें, हें सांगणें त्या मानानें सोपें. तें केव्हां व कोणत्या वाऱ्यानें मोडेल, हें सांगणें कठीण, ही गोष्ट अशा अभ्यासांतून पुन्हां पुन्हां पुढें आली आहे.

यांतून एक सामान्य समजूत खोडून निघते. ‘आज ऊन चांगलें आहे, पारा चढला आहे, तेव्हां धूर वर जाईल’ असें आपण म्हणतों. पारा चढला कोठें, हा खरा प्रश्न आहे. उंचावर उबदार हवा आली आणि तळचा पारा दोन अंश चढला, तरी वरचा पांच अंश चढला असेल, तर झाकण पूर्वींपेक्षां घट्ट झालें. धुराचा संबंध पाऱ्याच्या आकड्याशीं नाहीं. खालच्या व वरच्या पाऱ्यांतील फरकाशीं आहे. वर्तमानपत्रांत छापलेलें एकच उष्णमान वाचून काडी ओढणाऱ्यास हा फरक कधींच कळणार नाहीं.

आतां चुकीच्या भाराविषयीं. भाकित दोन प्रकारें चुकतें. दिवस चांगला असतां वाईट म्हटला, तर शेतकऱ्याचा कचरा पडून राहतो, पुढील मशागत खोळंबते, कीड त्यांत घर करते. दिवस वाईट असतां चांगला म्हटला, तर गांवांतील लेंकरें व म्हातारीं माणसें धुरांत गुदमरतात, आणि दोष जातो तो पुन्हां शेतकऱ्याकडेच. म्हणजे दोन्हींकडून बाकी त्याच्याच नांवावर निघते. ओरेगॉन राज्यांत विलामेट खोऱ्यांतील गवताच्या बियाण्याचे शेतकरी कापणीनंतर शेतें जाळीत असत. ३ ऑगस्ट १९८८ रोजीं तेथें शेतांतील आग आवरली नाहीं, हमरस्त्यावर धूर आला, तेवीस गाड्या एकमेकींवर आदळल्या व सात माणसें मेलीं. तेथें कारण आगीचें व वाऱ्याचें होतें, उलट्या थराचें नव्हे. परंतु त्याचा परिणाम सर्वांच्या जाळण्यावर झाला. १९९१ च्या कायद्यानें तें फार कमी केलें व २००९ च्या कायद्यानें बहुतेक बंदच केलें. लोकांचा विश्वास एकदां उडाला म्हणजे सावध व बेपर्वा शेतकरी यांच्यांत कायदा भेद करीत नाहीं.

सान होआकीन खोऱ्यांतही गोष्ट त्याच दिशेनें गेली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें २००३ सालीं कायदा करून तेथील शेतकचरा जाळणें पायरीपायरीनें बंद करण्याचें ठरविलें. बंदीच्या मुदती वारंवार पुढें गेल्या, कारण दुसरा मार्ग महाग होता. लाकूड घेऊन वीज करणारे कारखाने बंद पडत गेले, तेव्हां उघड्यावरील जाळ पुन्हां वाढला. अखेर २०२१ सालीं राज्याच्या हवाविषयक मंडळानें २०२४ च्या अखेरीपर्यंत अपवाद वगळतां जाळणें थांबविण्याचें ठरविलें, आणि झाडें भुगा करून जमिनींत मिसळण्याच्या यंत्रांसाठीं सार्वजनिक पैसा उभा केला. यांतील क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. दुसरा मार्ग हातीं दिल्याशिवाय केलेली बंदी वीस वर्षें कागदावर लोंबकळत राहिली. यंत्र व पैसा आला तेव्हां ती अंमलांत येऊं लागली.

आपल्याकडे याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. आपली सर्वच जमीन डोंगरांच्या वाटींत नाहीं, आणि आपल्या हिंवाळ्यांत बर्फ नाहीं, हें खरें. परंतु निरभ्र रात्रीं आहेत, निवांत वारा आहे, आणि सह्याद्रीच्या सोंडांमधील खोरीं आहेत. थंडीच्या पहाटे गांवच्या चुलींचा धूर छपरांच्या उंचीवर आडवा पसरतो, तो उलटा थरच होय. उसाची तोड नेमकी याच ऋतूंत चालते, व पाचट पेटविण्याची वेळ बहुधा संध्याकाळची असते. त्यास कारणही आहे. वारा पडलेला असतो, आग बांध ओलांडीत नाहीं. आगीच्या दृष्टीनें जी वेळ बरी, धुराच्या दृष्टीनें तीच सर्वांत वाईट. कारण त्याच सुमारास झाकण बसूं लागतें, आणि रात्रभर धूर गांवावर राहतो. ही अडचण खरी आहे, आणि पाचट न जाळणें हाच तिच्यांतून सुटण्याचा धड मार्ग आहे. पाचट सरींत पसरलें तर ओल टिकते, तण दबतें, कुजल्यावर खत होतें. त्यासाठीं कुट्टी करणारें यंत्र लागतें, आणि तें एकट्यादुकट्या शेतकऱ्यास झेपत नाहीं. साखर कारखान्यांनीं व सहकारी संस्थांनीं तें भाड्यानें पुरवावें. बंदीची भाषा बोलण्यापूर्वीं सरकारनें हें पाहावें.

भाकितासंबंधींही आमची मागणी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें ‘सफर’ या नांवानें हवेच्या शुद्धतेचें भाकित दिल्लीसाठीं २०१० सालीं, पुण्यासाठीं २०१३ सालीं व मुंबईसाठीं २०१५ सालीं सुरू केलें. शहरांसाठीं झालें तें चांगलेंच झालें. खेड्यांच्या खोऱ्यांतही माणसेंच राहतात. तेथें द्यावयाच्या भाकितांत केवळ ‘हवा मध्यम’ असे शब्द नसावे. वर किती, खालीं किती, झाकण किती वाजतां उघडेल आणि या अंदाजाचा भरंवसा किती, हें आदल्या दिवशीं सांगितलेलें असावें; आणि भाकित चुकलें तर तेंही प्रसिद्ध व्हावें. ज्यावर शेतकऱ्याचें काम अडावयाचें, त्या अंदाजाचा जमाखर्च त्यास दिसलाच पाहिजे.

तोंवर शेतकरी संघांस स्वतः एक गोष्ट करतां येण्यासारखी आहे. दोन चांगले उष्णमापक घ्यावे. एक गांवच्या सर्वांत खोलगट शेतांत व दुसरा जवळच्या टेकडीच्या खांद्यावर, जमिनीपासून सारख्या उंचीवर, उन्हाची तिरीप न लागेल असा लावावा. पहाटे, दुपारीं व दिवस मावळतांना दोन्हीं वाचून वहींत टिपावे. खालचा वरच्यापेक्षां गार असेल तर झाकण बसलेलें आहे. दोहोंत १०० मीटरांचा चढ असेल, तर दुपारीं खालचा सुमारें १ अंशानें उबदार झाल्यावर तेवढी हवा ढवळली असें समजावें. यानें आकाशाचा सर्व हिशेब लागणार नाहीं, पण तळचें झाकण उघडलें कीं नाहीं, तें निश्चित कळेल. एका हिंवाळ्याची अशी वही हातीं असली म्हणजे फवारणीस, बागेच्या राखणीस व शेकोटीच्या वेळेस तिचा उपयोग होईलच. शिवाय उद्यां कोणी शहरांत बसून आपल्या खोऱ्यासाठीं नियम करूं लागला, तर आपल्यापाशीं केवळ तक्रार असणार नाहीं, आकडे असतील.

हवेस बांध घालतां येत नाहीं, आणि एका शेताचा धूर दुसऱ्याच्या घरांत जाऊं नये अशी व्यवस्था कोणत्याही सात-बाराच्या उताऱ्यांत नाहीं. खोऱ्यांतील हवा ही विहिरीच्या पाण्यासारखी सामाईक आहे. विहिरींत पाणी किती आहे तें पाहून आपण पाळ्या लावतों. हवेंत जागा किती आहे तें पाहून वागण्याची संवय आपण आजपासून लावून घ्यावी, आणि ती जागा नीट मोजून सांगण्याचें काम सरकारकडून करवून घ्यावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.